सकाळी चढवलेल्या रिंगा

२७ सप्टेंबर १९९५

कुटुंबनियोजनाचं शिबिर पार पडलं एकदाचं. एकेचाळीस केसेस, त्यातल्या मी एकटीने आणलेल्या चौदा! पाय सुजून भोपळे झालेत, तरी लिहायला बसलेय. आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखाच आहे.

डॉक्टर नगरहून दहाला येणार होते, म्हणून मी सातलाच दवाखान्यात हजर. दुर्बिणीच्या ऑपरेशनला रबराची बारीक रिंग लागते, बाईच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांना एकेक. ती आधी प्लास्टिकच्या निमुळत्या कोनावर ताणून चढवायची, तिथून दुर्बिणीवर ढकलायची. बाकीच्या नर्सा ऐन वेळी एकेक चढवत बसतात आणि डॉक्टरांच्या शिव्या खातात. मी सगळ्याच्या सगळ्या ब्याऐंशी रिंगा सकाळीच चढवून ट्रेमध्ये ओळीने मांडल्या. डॉक्टरांची जीप करंजी घाटात बंद पडली, आले थेट चारला. पण माझा ट्रे बघून म्हणाले, "सिस्टर, अशी तयारी जिल्ह्यात कुठे नाही पाहिली." गहिनीनाथ कंपाउंडर तिथेच उभा होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

लंकाबाईला मात्र वस्तीवरून अक्षरशः ओढत आणावं लागलं. दोन मुली, एक मुलगा, आणखी काय हवंय? तर म्हणे, "बाई, दिवाळी झाली की ऊसतोडीला जायाचं. कोयता उचलता आला न्हाई तर नवरा जित्ती ठिवनार न्हाई." मी म्हटलं, "लंके, पंधरा दिवसांत उड्या मारशील. आणि परत पोर राहिलं तर माझं नाव बदलून ठेव." तेव्हा कुठे हसली.

१७ जानेवारी १९९६

आपल्या रिंगा बनवणाऱ्या 'शल्यदीप'चा शेअर चौतीसला गेला. दहाला घेतलेला! भीमराजांना संध्याकाळी डेपोतून आल्याबरोबर सांगितलं, तर कंडक्टरची बॅग खुंटीला लावत म्हणाले, "छान. चहा टाक." या माणसाला कशाचं म्हणून अप्रूप नाही. गेल्या वर्षी मी बँकेतली ठेव मोडून शेअर घेतले तेव्हाही असेच, "तुझा पैसा, तुझी अक्कल."

अक्कलच ती! कारखाना नगरच्या एमआयडीसीत, मालक रंगनाथराव आपल्या देवळाली प्रवऱ्याचे, आणि रिंगा रोज माझ्या हातातल्या. लोक कागद बघून पैसे गुंतवतात, मी माल बघून गुंतवले. म्हणून तर दवाखान्यातले सगळे, शाळेतले चार मास्तर आणि तिसगावच्या बाजारातले दोन दुकानदार माझ्या शब्दावर त्यात उतरले. दीपा यंदा बारावीला आहे. तिला इंजिनीअर करायचं तर करू, आता कुणाच्या दारात जायला नको.

३ एप्रिल

टारगेट गेलं! सरकारने कुटुंबनियोजनाचं टारगेटच काढून टाकलं. वीस वर्षं या टारगेटने माझं रक्त प्यायलं. मार्च आला की बाया मला बघून उसात पळायच्या, जणू मी पोरं धरणारी आहे. आज साहेबांनी सर्क्युलर वाचलं तेव्हा मी आणि दुसऱ्या उपकेंद्राची सिस्टर, आम्ही दोघी टाळ्या वाजवत होतो.

संध्याकाळी गहिनीनाथ घरी आला, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. "ताई, हसताय काय? टारगेट गेलं म्हणजे शिबिरं गेली. शिबिरं गेली तर रिंगा कोण घेणार? आपल्या कंपनीला गिऱ्हाईक एकच, सरकार."

खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२२ एप्रिल



टोळ्या परत आल्या. लंकाबाई दवाखान्याच्या मागच्या दाराने आली, पदर पोटावर ओढून. मी पदर बाजूला केला. पाच महिने तरी असतील. पाडायची मुदतही गेली.

"बाई, तुमी म्हनल्या हुत्या," एवढंच बोलली. मग पाठ दाखवली. चाबकाचे वळ नाहीत, काठीचे आहेत. सहादेव तिचा नवरा, तसा गरीब माणूस, पण टोळीतल्या लोकांनी त्याचं डोकं फिरवलं. आपरेशन झालेल्या बाईला दिवस कसे गेले? मुकादमाचं आहे, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याचं. लंका म्हणाली, "पाचटाच्या कोपीत आमी सहा मानसं झोपतो बाई. कुठं जानार हुते मी? दिसभर मोळ्या वाहून जीव न्हाई राहत अंगात."

मी रजिस्टर काढलं. ऑपरेशनच्या वेळची पाळीची तारीख माझ्याच अक्षरात आहे, तेव्हा ती गरोदर नव्हती. दिवस गेले ते नोव्हेंबरात. म्हणजे ऑपरेशन फसलं. शंभरात एखादं फसतं, आम्हाला शिकवलेलंच आहे. सहादेवला बोलावून तसं सांगितलं तर म्हणतो, "तसं कागदावर लिहून द्या. सरकारी शिक्का मारून. मंग मी टोळीला दाखवतो." साहेब म्हणाले, असा कागद द्यायचा नाही, भरपाईचं लचांड मागे लागेल.

मी गहिनीनाथला सांगितलं. कुणाला तरी सांगणं भागच होतं.

९ मे

आज आमच्या दारात पांढरी गाडी! रंगनाथराव स्वतः. गल्लीतली पोरं गाडीभोवती गोळा झाली. साधा माणूस हो, चटईवर बसून पोहे खाल्ले. लंकाबाईचं गहिनीनाथने त्यांच्या कानावर घातलंच होतं. हळहळले. म्हणाले, "जयमालाताई, आपण सगळे एका बोटीत आहोत. पण त्यासाठी नाही आलो. तुमच्या तयारीचं कौतुक डॉक्टरांकडून ऐकलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या नर्सांना ट्रेनिंग द्यायचंय. तुम्ही रिंगा कशा आणि किती वाजता चढवता, ते तुमच्या शब्दांत लिहून द्याल?"

दीड पान लिहून दिलं. त्यांना २७ सप्टेंबरच्याच शिबिराचं हवं होतं, डॉक्टरांनी शाबासकी दिली तो दिवस म्हणून असेल. वाचून म्हणाले, सकाळी सात आणि दुपारी चार या दोन्ही वेळा स्पष्ट घाला, खाली पूर्ण नाव आणि सही. जाताना दीपाला पेन दिलं. वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं बसून काही विचारलं नव्हतं.

भीमराज म्हणाले, "कॉपी ठेवलीस का?" संशयी मेला.

१२ जून

शेअर अकरा रुपये. लोक दारात येतात. मास्तर तर रोज. "ताई, तुम्ही म्हणालात म्हणून घेतले." मी काय त्यांचे हात धरून फॉर्म भरले होते का? पण म्हटले होते, हे खरं आहे.

त्यात लंकाबाईचा भाऊ वाल्मिक, पाथर्डी-तिसगाव जीप चालवतो तो, त्याने वकिलाकडून कंपनीला नोटीस पाठवली. ही बातमी फुटल्यावर गहिनीनाथ माझ्यावरच उखडला. "एका बाईपायी शंभर घरं बुडायची! दावा हरला की दुसरे उठतील, मग तिसरे. कंपनीला कोण उभं करणार? तुम्ही तिला समजावा ना. तुमचं ऐकते ती."

रात्रभर विचार करून सकाळी वस्तीवर गेले. होय, गेले मी. लंकेला म्हणणार होते की भावाला आवर. ती दारात गोवऱ्या थापत होती. सासू म्हणाली, "ये बाई, बस." माझ्या हातचं पाणी न पिणारी ही म्हातारी, सुई मात्र माझ्याच हातून घेते. लंकेने हात धुऊन मला गुळाचा चहा दिला. मी चहा प्यायले आणि काही न बोलता परत आले. मला माझीच लाज वाटली, आणि शेअरचीही काळजी वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे माहीत नव्हतं.

७ जुलै

वाल्मिक कंपनीचं उत्तर घेऊन आला. इंग्रजीत. मी दीपाला वाचायला लावलं. ती वाचत गेली आणि मध्येच थांबली. "आई, यांच्यासमोर सांगू?"

"सांग."

"लिहिलंय की रिंगमध्ये दोष नाही. गर्भ कुणापासून राहिला याचा कंपनीशी संबंध नाही. बाई सहा महिने परक्या माणसांच्या वस्तीत राहत होती."

वाल्मिक उठला आणि उंबऱ्यावर जाऊन थुंकला. "माझ्या भनीला रांड म्हनले ते. विंग्रजीत म्हनले."

तो गेल्यावर दीपा म्हणाली, "आई, तुमच्या रिंगांच्या पाकिटात एक चिठ्ठी असते ना? ती बघू." माझ्या पेटीत होती एक. मी कधी उघडली नव्हती. नर्सिंगचं सगळं मराठीत शिकलेली मी, आणि चिठ्ठी सगळी मुंगीएवढ्या इंग्रजीत. दीपाने बोट ठेवलं. रिंग कोनावर चढवल्यावर लगेच वापरावी. ताणलेली ठेवल्यास ती सैल पडते.

पोरीने वर बघितलं नाही. मीही नाही.

सकाळी सात ते दुपारी चार. केसांचं रबर रात्रभर हातात ताणून ठेवलं की सकाळी वेणीतून गळतं, हे शाळेतल्या पोरीलाही कळतं. मला कळलं नाही. वीस वर्षं मी सगळ्यांना अक्कल शिकवत फिरले.

आणि तो दीड पानाचा कागद! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता उमजलं त्या रंगनाथराव मेल्याला वेळा कशाला हव्या होत्या.

१० जुलै

भीमराजांना सांगितलं. ते तिकिटांची पेटी पुसायला लागले. मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. सस्पेंड करतील. दीपाची अ‍ॅडमिशन पुढच्या महिन्यात आहे."

"आणि लंका?"

"लंका काय तुझी बहीण लागते?"

मी म्हटलं, तुम्ही हे बोलू नका, निदान तुम्ही तरी. भांडण झालं. असं भांडण लग्नानंतर दुसरं.

१९ ऑगस्ट

पंधरा तारखेला लंकाबाई बाळंत झाली. मुलगी. मीच केलं बाळंतपण. नाक सहादेवचं, कान सहादेवचे, डाव्या कानाची पाळी चिकटलेली तीसुद्धा सहादेवचीच. त्याने बघितलीच नाही.

आज जन्माची नोंद करायला वस्तीवर गेले. फॉर्मवर बापाचं नाव. सहादेव बाहेर बिडी ओढत होता, तिथूनच म्हणाला, "माझं नाव घालू नका." तो रकाना मोकळा ठेवून मी फॉर्म पिशवीत घातला आणि परत आले. आजपर्यंत माझा एक फॉर्म कधी अर्धा राहिलेला नाही.

२१ सप्टेंबर

कंपनीची वार्षिक सभा, नगरला एका मंगल कार्यालयात. गहिनीनाथ आणि मी सातच्या गाडीने गेलो. स्टेजवर हार, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, आतल्या अंगाला जिलेबीचा वास.

एका निवृत्त मास्तरांनी उठून दोन प्रश्न विचारले. टारगेट गेल्यावर माल कुठे विकणार? आणि नोटिशीचं काय? सगळ्यांच्या पोटातलं तेच होतं.

रंगनाथराव हसत उठले. म्हणाले, माल नेपाळला जाईल, बांगलादेशला जाईल, बोलणी चालू आहेत. "आणि नोटिशीचं म्हणाल तर मंडळी, आमची रिंग फेल जात नाही, माणसं फेल जातात. ऊसतोडीची बाई, सहा महिने घराबाहेर. जास्त बोलणं सभ्यपणाला धरून होणार नाही."

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. मग टाळ्या.

मीही वाजवल्या. इथे खोटं लिहून उपयोग नाही. हात आपोआप उठले आणि दोन-तीनदा वाजले, मग मी ते मांडीखाली दाबून धरले.

जेवणाच्या वेळी त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं. "ताई, नीट विचार करा. रिंग चांगलीच आहे, हे तुम्हीही जाणता. मग दोनच कारणं उरतात. एक तर त्या बाईचं वागणं, नाहीतर तुमचा सकाळचा ट्रे. तुमचा कागद माझ्याकडे आहे. मला तो बाहेर काढायचा नाही. तुम्ही आपलं माणूस आहात."

मी जिलेबी न खाता परत आले. गहिनीनाथने माझी पण खाल्ली.

२६ सप्टेंबर

पौर्णिमा. विहारात वंदनेला गेले. पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला माझा आवाज निघेना. शेजारच्या बाईला वाटलं घसा धरलाय, तिने लवंग दिली.

९ ऑक्टोबर

वाल्मिक सांगत होता, सहादेव यंदा ऊसतोडीला लंकेला नेणार नाही. धाकट्या भावाबरोबर कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, लावणार. तिन्ही पोरं बरोबर नेणार, लंका आणि तान्ही इथेच. म्हणजे टाकलीच की तिला. टोळी यंदा दिवाळीची वाट न बघता वीस तारखेला दसरा झाला की दुसऱ्या दिवशी निघणार.

दोघींपैकी एकीचं नाव खराब व्हायचंय. माझं गेलं तर मला नवरा आहे, पोरगी आहे, डोक्यावर पत्रा आहे. तिचं गेलं तर तिला काय आहे? हा हिशेब करायला मला तीन महिने लागले. थू माझ्या जिंदगानीवर.

कागद लिहिला. मराठीत, मोठ्या अक्षरात. कार्बन घालून, चार प्रती. एक जिल्ह्याच्या साहेबांना, एक कंपनीला, एक वाल्मिकच्या वकिलाला. भीमराजांनी वाचला. ताट तसंच सारून ड्युटीवर गेले. दीपा म्हणाली, "आई, 'ताणलेली' मध्ये मात्रा राहिलीय." मी दिली.

१३ ऑक्टोबर

आज चौथी प्रत घेऊन वस्तीवर गेले.

सहादेव ट्रॅक्टरची ट्रॉली धूत होता. भोवती टोळीतली माणसं, बाया, पोरं. मी कागद पुढे केला. त्याने हात पुसले, कागद उलटा धरला, सरळ केला. "मला कुठं वाचता येतंय? तुमी वाचा. आन मोठ्यांदा वाचा. माझी आब्रू काय खोलीत न्हाई गेली, हितंच गेली, ह्यांच्याच म्होरं."

मी वाचलं. मी जयमाला भीमराज, आरोग्यसेविका, लिहून देते की, २७ सप्टेंबरच्या शिबिरात रिंगा मी सकाळी सातला चढवल्या, ऑपरेशनं चारनंतर झाली, तोवर ताणलेली रबरं सैल पडली. पाकिटातली सूचना इंग्रजीत होती, ती मी वाचली नाही, मला कुणी सांगितली नाही. लंकाबाई सहादेव हिचं ऑपरेशन त्यामुळे फसलं. तिचं मूल तिच्या नवऱ्याचं आहे. तिच्यावर आळ घेणारा खोटा आहे.

वाचलं शेवटपर्यंत. मुकादम जमिनीकडे बघत होता. कुणीतरी म्हणालं, "बाईनं स्वतःची मान दिली की रं."

सहादेव नळीतलं पाणी नुसतंच जमिनीवर सोडत राहिला. मग विचारलं, "म्हंजी पोर माझं?"

"तुझंच. कान बघ तिचे."

त्याने कान बघितले नाहीत. माफीही मागितली नाही. दाराकडे तोंड करून, जरा ओरडूनच, म्हणाला, "लंके, धार लावायाला बसलोय. तुझा बी कोयता आन."

लंका आतून कोयता घेऊन आली. एका हातात कोयता, दुसऱ्या हातावर पोर. ती माझ्याकडे बघून हसली नाही, रडलीही नाही. कोयता त्याच्या पुढ्यात ठेवला आणि तिथेच, चार माणसांत, त्याच्या शेजारी टेकली. मला इतकं रडू आलं की मी पाठ फिरवली. पिशवीतला फॉर्म काढून त्याच्यापुढे धरला. म्हणाला, "घाला नाव."

चपला शोधत होते, तर आक्काबाई आडवी आली. लंकेच्याच वयाची, त्याच दिवशी, त्याच ट्रेमधल्या रिंगांची. ट्रॉलीच्या मागे घेऊन गेली मला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, दोन महिनं झालं. पाळी न्हाई. मी कुनालाच सांगितलं न्हाई. लंकीचे हाल बघितले हुते ना मी."

आणि तिच्या मागे अजून दोघी येऊन उभ्या राहिल्या.

एकेचाळीस नावं रजिस्टरमध्ये आहेत, एकेकीला गाठायचंय. टोळ्या निघायला आठ दिवस. सस्पेन्शनची ऑर्डर यायला तेवढेच लागतील, तोवर दवाखान्याची किल्ली माझ्याकडे आहे. उद्या पहिल्या गाडीने आक्काबाईला नगरला तपासायला नेतेय, तिला अजून मुदत आहे. भीमराज म्हणाले, त्या गाडीवर त्यांचीच ड्युटी आहे, पुढची जागा धरून ठेवतील.